पुराव्याबरहुकूम एक जीप

आधी नाव सांगून टाकतो: जाधवसाहेब. मी आज सौदीत आहे आणि माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, पेशा म्हणून ‘डेंटर’ लिहिलेलं आहे, ते या माणसामुळे. आता हे साहेब कसे, तर एका जीपपायी त्यांनी दोन डेंटर पळवून लावले आणि तिसऱ्याकडून, म्हणजे माझ्याकडून, चांगल्या गुळगुळीत मडगार्डला पोचा पाडून घेतला, वर त्याची खोली पट्टी लावून मोजून घेतली. सव्वा इंच हवी होती. माझा हात जरा जड पडला होता, तर म्हणाले, किंचित वर काढ.

पोचे काढणं हा डेंटरचा धंदा. साहेबांना ते पाडून हवे असत.

जाधवसाहेब मूळचे सातारा जिल्ह्यातले. नोकरी रास तनुराच्या रिफायनरीत, सेफ्टी इन्स्पेक्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या हेल्मेटचे पट्टे ओढून बघायचे, आणि सुटीच्या दिवशी सवय जात नाही म्हणून जगाचे पट्टे ओढून बघायचे. ‘पुरावा?’ हा त्यांचा शब्द. चहावाला म्हणाला, साहेब, बिनसाखरेचा आहे, की साहेब विचारणार, पुरावा? तो बिचारा साखरेचा भरलेला डबा आणून दाखवी. मी पहिल्या भेटीत सांगितलं की माझी शाळा आठवीत सुटली. साहेबांनी मान वर करून विचारलं, “पुरावा?” नापास झाल्याचा दाखला मागणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. दाखला घरी म्हसळ्याला होता. तो कोणी मागेल असं वाटलं नव्हतं, म्हणून आणला नव्हता.

ही भेट कतीफमधल्या स्पेअर पार्टच्या दुकानात झाली. तिथे मी नऊ वर्षं काउंटरला होतो. साहेब जुन्या आट्यांचे बोल्ट मागायला येत आणि मी डब्यात हात घालून नुसत्या बोटांनी आटे ओळखून काढून देई. मग सरकारचा हुकूम आला की अशा दुकानांची काउंटरं आता इथल्याच मुलांना द्यायची. हुकुमात वावगं काही नव्हतं, मुलूख त्यांचा, काउंटर त्यांचं. माझ्या जागी आलेला मुलगा फार सज्जन होता. महिनाभर मी त्याला सगळे डबे शिकवले. तो रोज माझ्यासाठी खजूर आणायचा आणि मी रोज खजूर खाता खाता विचार करायचो की एक्झिट मारून, म्हणजे परवाना रद्द करून, कायमचा घरी गेलो तर बायकोला काय तोंड दाखवू. आठवी नापास माणसाला म्हसळ्यात काउंटर कोण देतो?

साहेबांनी हे ऐकलं. ‘अरेरे’ वगैरे काही म्हणाले नाहीत. त्यांनी मला उचलून थेट दम्मामच्या सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, कुट्टीभाईंच्या वर्कशॉपमध्ये नेलं. कुट्टीभाई केरळचे. त्यांच्याकडे साहेबांची एक जुनी जीप आठ महिने पडून होती आणि त्या आठ महिन्यांत कुट्टीभाईंचे केस पिकले होते. साहेबांना त्या साध्या जीपची दुसऱ्या महायुद्धातली लष्करी जीप करून हवी होती. पहिला डेंटर रंगावरून गेला. दुसरा पेशावरचा, तो पोच्यावरून गेला. जाताना म्हणाला होता, मैं डेंट निकालने आया हूँ, डालने नहीं.

कुट्टीभाईंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या नखांकडे पाहिलं आणि हिंदीत निकाल दिला, “तीन महीना. जाधवसाब काम पे साइन किया, तो तुम्हारा कफाला मैं लेगा. नहीं किया, तो खलास.”

कफाला म्हणजे मालक म्हणून माझी हमी. थोडक्यात, जगातल्या सगळ्यात चिकट माणसाने ‘पास’ म्हटलं तरच मी राहणार. आमच्या हेडमास्तरांनीसुद्धा इतकी वाईट परीक्षा घेतली नव्हती.

कामाला नकाशा म्हणून एकच चीज होती, साहेबांच्या वडिलांचा फोटो. वडील महायुद्धात वाळवंटात गाडी चालवायला होते. फोटोत ते जीपला टेकून उभे, कोपर बॉनेटवर, टोपी तिरकी, आणि हसू असं की लढाई बाजूला कुठेतरी चाललीय, आपण फोटोपुरते आलोय. साहेबांनी त्या फोटोची मोठी प्रत करून आणली होती आणि तिच्यावर पेन्सिलीने चौकोन आखले होते. फोटोत फावडं आणि कुऱ्हाड जीपच्या उजव्या अंगाला, म्हणून आपल्या जीपच्याही उजव्या अंगाला. पोचा उजव्या मडगार्डला, म्हणून आपलाही तिथेच. बॉनेटवरचा नंबर वडिलांच्या कोपराखाली झाकलेला, म्हणून आपल्या जीपला नंबर नाही. कुट्टीभाई म्हणाले, काहीतरी टाकू, कोण बघतंय. साहेब म्हणाले, पुरावा?

रंगाची तर शोभाच होती. फोटो काळा-पांढरा. साहेबांनी वाळूच्या रंगाच्या सहा छटा करायला लावल्या, सहाही पत्र्यावर मारून उन्हात ठेवल्या, त्यांचे काळे-पांढरे फोटो काढले आणि वडिलांच्या फोटोशेजारी धरून पाहिले. मला सहाही सारख्याच राखाडी दिसल्या. साहेबांना चौथी पसंत पडली. का, ते विचारायची हिंमत मी केली नाही, इकामा माझा होता.

आता या सगळ्या खटाटोपाचं कारण. अल खर्जकडे एका सौदी शेतमालकाच्या मोकळ्या रानात दर हिवाळ्यात जुन्या लष्करी गाड्यांचे शौकीन जमतात आणि वाळवंटातली लढाई खेळतात. बंदुका लाकडाच्या, धूर खरा. साहेब चार हिवाळे अर्ज करत होते. यंदा गाडी तपासून पास झाली तर ताफ्यात घेऊ, असं उत्तर आलं होतं. त्या दिवसापासून रास तनुरातले हेल्मेटचे पट्टे जरा सैल राहायला लागले असावेत.

गुरुवारी दुपारी जीप ट्रकवर चढवली. लष्करी रंगाची गाडी रस्त्यावर उघडी दिसली तर नसती भानगड, म्हणून वर ताडपत्री. चेकपोस्टवर शिपायाने ताडपत्रीचं टोक उचललं. साहेबांनी शेतमालकाचं पत्र, शौकिनांच्या संघटनेचं पत्र, जीपचे कागद, खरेदीची पावती आणि वडिलांचा फोटो अशी फाइल उघडून त्याच्यासमोर धरली. पुरावा देण्याची संधी त्यांना आयुष्यात प्रथमच मिळत होती. शिपायाने दुसऱ्याच कागदाला हात जोडल्यासारखं केलं आणि म्हणाला, यल्ला, चला निघा.

लढाई मोठी शिस्तीची निघाली. जुम्म्याच्या नमाजानंतर युद्ध, त्याआधी कबसा, म्हणजे इथला मटणभात. दोन्ही फौजा एकाच थाळीत जेवल्या. जर्मन म्हणून चार फिलिपिनो होते, कारण ते उशिरा पोचले आणि इंग्रजांच्या टोप्या तोवर संपल्या होत्या.

तपासणीला हेन्री नावाचे एक म्हातारे इंग्रज होते. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली. रंग छान, म्हणाले. पोच्यावर अंगठा फिरवला. मी कुट्टीभाईंकडे पाहिलं, ते निकाल ऐकायला मुद्दाम आले होते. मग हेन्रीसाहेब उजव्या अंगाला थांबले. फावडं आणि कुऱ्हाड या बाजूला नसतात, डाव्या बाजूला असतात, म्हणाले. मागचं चाक आणि तेलाचा कॅनही उलटे लागलेत.

साहेबांनी फोटो पुढे केला. हेन्रीसाहेबांनी तो उजेडात धरला, चष्मा वर केला आणि शांतपणे म्हणाले, जाधव, हा फोटोच उलटा छापलाय. शर्टाची बटणं बघा, बायकांच्या ब्लाउजसारखी लागलीत.

माझी नजर त्या सव्वा इंची पोच्यावर गेली. तीन महिन्यांचं माझं काम, आणि सगळं उलटं. कुट्टीभाई आकाशाकडे बघायला लागले. हेन्रीसाहेब भला माणूस, म्हणाले, अर्धा तास आहे, फिरवून घ्या. मी पेटीतून स्पॅनर काढला, पहिल्या बोल्टवर लावलासुद्धा.

“आरिफ, स्पॅनर खाली ठेव,” साहेब म्हणाले.

मी ठेवला. साहेबांनी इंग्रजीत सांगितलं की गाडी आहे तशी राहील. मग ताफ्यात घेता येणार नाही, हेन्रीसाहेब म्हणाले, बघ्यांच्या रांगेत लावा. साहेब म्हणाले, ठीक आहे. चार हिवाळे वाट पाहणारा माणूस, आणि ‘ठीक आहे’ म्हणायला त्याला एक श्वाससुद्धा लागला नाही.

मग त्यांनी खिशातून कुट्टीभाईंचा कागद काढला, जीपच्या बॉनेटवर ठेवला आणि सही केली. कुट्टीभाई म्हणाले, लेकिन साब, उल्टा है. साहेब म्हणाले, इसने फोटो के माफिक किया है. पास.

जीप बघ्यांच्या रांगेत लावून झाली. मी धीर करून विचारलं, “साहेब, तुम्हाला ठाऊक होतं?”

“पहिल्यापासून. बटणं काय मला दिसत नाहीत?” ते म्हणाले. “लढाईनंतर बऱ्याच वर्षांनी वडील वारले, तेव्हा मी पाच महिन्यांचा. गावच्या स्टुडिओवाल्यानं फोटो मोठा करताना निगेटिव्हची काच उलटी घातली. आईनं तोच भिंतीवर लावला. तिचा नवरा असाच उभा असतो, फावडं उजवीकडे. आता तिला सुलटा करून दाखवला तर ती ओळखणार कशी?”

त्यांनी गावी व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः जीपला टेकून उभे राहिले, कोपर बॉनेटवर. पलीकडे पुतणीने म्हातारीच्या डोळ्यांजवळ फोन धरला होता. नजर अधू, त्यामुळे ती फोन जवळ-दूर करवून बघत होती. मागे रानात लढाई सुरू झाली होती आणि फिलिपिनो जिंकत होते.

“टोपी तिरकी,” म्हातारी म्हणाली. “तिरकी असते त्यांची.”

साहेबांनी टोपी तिरकी केली.

“हां. आता आलं ध्यानात,” ती म्हणाली. पुतणीने फोन ठेवला. मी साहेबांना सांगितलं की फोन बंद झाला. ते तसेच उभे राहिले, धूर खाली बसेपर्यंत. मी फोन हातात धरून समोर थांबलो, तो चालू असल्यासारखा.

साहेब पुढल्या वर्षी साठीला लागून गावी परततील. इतकी जुनी गाडी इथून हिंदुस्थानात नेता येत नाही, मी दोन ठिकाणी विचारून पाहिलं. तेव्हा मी ठरवलंय. माझी पहिली सुटी मंजूर झाली की म्हसळ्याला जाण्याआधी पंधरा दिवस त्यांच्या गावी उतरायचं, भंगारातून एक सांगाडा आणायचा आणि म्हातारीच्या अंगणात जीप उभी करून द्यायची. बायकोला तसं कळवलंय. ती रागावली, मग म्हणाली, जा, पण लवकर जा, म्हातारी थकलीय ना. म्हणून सुटीचा अर्ज आजच टाकतो.