पतंगाला कोण सांगणार, हलू नको?

आमच्या सावली गावात हमीदभाई उदबत्ती लावत, ती पतंगाच्या पोटाखाली.

तुम्ही ड्रोनने काढलेले फोटो पाठवलेत आणि मला हमीदभाई आठवले. तुमची आई कॉलेजात होती तेव्हाची ही गोष्ट. आमच्या शेजारी त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पुढे दुकान, मागे अंगण आणि घर. घरात त्यांच्या पत्नी, जुबेदाभाभी. कमरेच्या दुखण्याने त्या कित्येक वर्षे खाटेला खिळलेल्या.

गिऱ्हाईक स्टुलावर बसले की दुकानातून गर्जना यायची, "हलू नका!" त्यासरशी इकडे माझा विळीवरचा हातसुद्धा थांबायचा.

एका हिवाळ्यात त्यांनी बांबूच्या कामट्यांचा, दाराएवढा पतंग केला आणि त्याच्या दोरीला जुना कॅमेरा टांगला. कॅमेऱ्याचे बटण दाबायला ताणलेले रबर, ते अडवून धरणारा दोरा आणि दोऱ्याला टेकलेली उदबत्ती. उदबत्ती जळत आली की दोरा तुटायचा आणि बटण दाबले जायचे. एका उड्डाणात एकच फोटो.

"अख्खी सावली वरून पाह्यजे, बाई. अन् साफ पाह्यजे."

"काऊन पण?" लोक विचारत.

"पाह्यची हाय."

तहसील कचेरीत फोटो लावून नाव कमवायचे असेल, असे आम्ही ठरवून टाकले.

पहिला फोटो धुऊन आला, तो तुमच्या आजोबांनी उलटासुलटा करून पाहिला. "हमीदभाई, ही सावली आहे की घुसळलेलं ताक?"

चूक त्यांच्या सवयीची होती. लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेतले मामेसुद्धा स्पष्ट यावेत म्हणून ते लेन्सचे छिद्र बारीक ठेवत आणि पुरेसा उजेड मिळावा म्हणून शटर सावकाश. वऱ्हाडी गर्जनेला घाबरून स्थिर राहत. पतंग कशाला घाबरतो?

"पतंगाले कोन सांगन, हलू नको म्हणून?" ते आठवडाभर बडबडत होते. मग शटर पाचशेवर नेले. म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग. पतंगाला डोलायला सवडच नाही. पण एवढ्याशा वेळात उजेड कितीसा येणार? फोटो काळाकुट्ट.

"आता अमावास्येची सावली," आजोबा म्हणाले.

"हसा, गुरुजी, हसा."

शेवटी त्यांनी छिद्र मोठे केले, थोड्या उजेडातही चालणारी वेगवान फिल्म घातली आणि भर दुपारची वेळ धरली. "मग मागची रांग पुसट येईल ना?" मी विचारले.

"वरून कुठी आली मागची रांग, बाई? सारं गाव सारखंच दूर." त्यानंतर गल्लीत कोणी काहीही विचारले की उत्तर एकच, "पाचशे!"

आणि फोटो जमला. तसे त्यांनी ओरडून गल्लीला सांगितलेच. पण तो ना दुकानाच्या काचेत दिसला, ना कचेरीत. काही दिवसांनी मी भाभींना खीर द्यायला गेले. मोठा करून घेतलेला तो फोटो त्यांच्या खाटेच्या बरोबर वर, छताला चिकटवला होता.

भाभी हातातल्या पंख्याच्या दांड्याने मला गाव दाखवू लागल्या. "हे तळं. हे तुमची शाळा. अन् बाजाराकडं पाहा, केवढी घरं झाली! मले मालूमच नव्हतं." मग दांडा आमच्या गल्लीवर आला. एका अंगणात नखाएवढी खाट, आणि खाटेवरून वर उडालेली ओढणीची पांढरी रेघ. अगदी स्पष्ट.

"हे मी. खाट भाहेर काढली ह्यायनं, अन् म्हणे, हालव, जोरानं हालव."

हमीदभाई दारात उभे होते. मी चिडवले, "हमीदभाई, भाभींना नाही म्हणालात, हलू नका?"

ते छताकडेच पाहत राहिले.

"तिले काऊन म्हणू? बहुत दिवसानं हालली, बाई."