गफूरभाई आणि पोलंडची पोस्टरं

गफूरभाई नाखवे सिनेमा बघत नसत. कंपनीच्या क्लबच्या अंगणात पडदा लागला, खुर्च्या भरल्या, मशीन घरघरू लागलं की ते उठून आपल्या खोलीवर जात. कारण विचारलं तर म्हणत, "पोस्टर बगितलं ना? मग आता खराब कशाला करायचं?"

पन्नासचं दशक संपत आलं होतं. आम्ही दोघे कुवेतमध्ये फहाहीलला राहत होतो आणि एकाच तेल कंपनीत कामाला होतो. मी पुण्याहून आलेला कारकून. ते कोकणातल्या हर्णैचे, इथल्या बंदरावर तेलाच्या पिंपांवर नंबर घालत. पत्र्याचा साचा ठेवायचा आणि वरून ब्रश फिरवायचा, एवढंच काम. "साहेब, दहा वर्षं आठाचा आकडा काढतोय," ते म्हणत, "पण त्यातला एक आठ माझा नाय."

त्यांच्या खोलीत मात्र भिंत दिसत नसे. सगळीकडे पोलंडच्या सिनेमांची पोस्टरं. पोलंडची एक बोट सिमेंट घेऊन यायची, तिच्यावर एक जाडा आचारी होता. त्याचा भाऊ तिकडे भिंतींवर पोस्टरं चिकटवायच्या कामाला. उरलेल्या प्रती आचारी मेणकापडात गुंडाळून आणायचा आणि गफूरभाईंकडून हर्णैच्या आंब्याचं लोणचं न्यायचा. एका बरणीला तीन पोस्टरं. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नसे, पण लोणच्याच्या तिखटपणावर हातवाऱ्यांनी तासभर चर्चा चाले.

ती पोस्टरं आपल्यासारखी नव्हती. नट नाही, नटी नाही, मोठाले चेहरे नाहीत. एक नुसती शिडी. एक डोळा आणि त्यात मासा. अक्षरंसुद्धा हाताने काढलेली, वाकडीतिकडी. गफूरभाईंना त्यावरची नावं वाचता येत नसत, पण चित्रकारांचे हात ते बरोबर ओळखत. रंगीत कागद कापून चिकटवणारा तो कात्रीवाला. रंगाचे ओघळ तसेच ठेवणारा तो शाईवाला. त्यांच्याबद्दल ते भावकीतल्या माणसांसारखं बोलत.

"कात्रीवाला यंदा खूश दिसतो. पिवळा कागद गावलाय त्याला."

"आणि शाईवाला?" मी गमतीनं विचारायचो.

"त्याच्या घरात काय तरी झालंय. तीन पोस्टरं झाली, काळ्याबिगर रंग नाय."

मी क्लबचा सिनेमा सेक्रेटरी झालो आणि शुक्रवारच्या सिनेमाचा फलक रंगवायला कोणी मिळेना, तेव्हा मीच गफूरभाईंना सांगितलं. पहिला सिनेमा कौटुंबिक, रडका, गाण्यांनी भरलेला. गफूरभाईंनी मोठ्या फळीवर एक बाईची चप्पल काढली. एकच. तिची सावली फळीच्या टोकापर्यंत गेलेली.

"हिरॉइन कुठाय?" मी ओरडलो.

"गेली ना ती. म्हणून तर रडायचं."

संध्याकाळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. एक गृहस्थ मला गाठून म्हणाले, "सेक्रेटरी, सहा नंबर आहे का हो यात?" पुढचा आठवडाभर ऑफिसात मी दिसलो की लोक पाय पुढे करत. गफूरभाईंना कोणी हसलं नाही. हसले ते मला.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. गफूरभाई जाऊन बरीच वर्षं झाली, मीही ऐंशी ओलांडली आहे. हे आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

आमच्या इंग्रज साहेबानेही तो फलक पाहिला होता. त्याने मला बोलावून विचारलं, "हे काय प्रकरण आहे?" मला हसून म्हणता आलं असतं की आमचा रंगारी जरा चक्रम आहे. पण मला माझी खुर्ची सांभाळायची होती. मी म्हणालो, "साहेब, तो पोलंडच्या बोटीवरून पोस्टरं आणतो. खोली भरलीय."

पोलंड म्हणजे कम्युनिस्ट. कंपनीला एवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी गफूरभाई पिंपांवर नंबर घालत असताना पहारेकरी त्यांच्या खोलीत शिरले आणि भिंती मोकळ्या करून गेले. बोटीकडे फिरकायलाही त्यांना बंदी झाली.

संध्याकाळी ते कोणाकडे आले? माझ्याकडे. "साहेब, तुमचं इंग्लिश चांगलं. अर्ज लिवा."

त्यांनी सतरा पोस्टरांचं वर्णन सांगितलं. मी लिहीत होतो.

"एक बाई. तिच्या डोक्यात पिंजरा, पिंजऱ्यात शहर."

मी इंग्रजीत 'एक बाई' लिहिलं.

"एवढ्यात झालं? पिंजरा लिवला?"

"लिहितो."

"आणि शहरात एकच खिडकी उगडी हाय, तीपण लिवा. ती नाय लिवली तर वलखणार कशी?"

अर्ज दोन पानं झाला. मी म्हणालो, "गफूरभाई, कागदच ते. एवढं काय त्यात?"

त्यांनी अर्ज आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाले, "घरवालीला, जुलेखाला, दर पत्रात एक सिनेमा लिवतो. पोस्टर बगायचं आणि गोष्ट रचायची. तिला वाटतं मी बगून येतो. शेजारची मुलगी वाचून दावते, आळीतल्या बायका जमतात. पिंजरेवाली बाई अजून अर्धी हाय, पुढं काय झालं म्हणून तिनं विचारलंय." त्यांनी हात पुसले, रंग नसतानाही. "नायतर इथनं मी काय लिवू? आज चाळीस पिंपं झाली? हवा गरम हाय?"

"अहो, मनानेच लिहा पुढचं."

"बसलो होतो लिवायला. ती बाई समोर नाय तर बोलत नाय."

त्यांनी अर्जावर सही केली. आपल्या हाताने, साच्याशिवाय, सावकाश.

तो अर्ज मी दिला नाही. दिला असता तर साहेब म्हणाला असता, "तूच तर सांगितलंस!" आणि ते गफूरभाईंच्या कानावर गेलं असतं. दर शुक्रवारी ते विचारत, "जवाब आला?" मी सांगे, "वर गेलाय. चौकशी चालू आहे." हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. जुलेखाला ते काय लिहीत होते, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

पुढच्या वर्षी करार संपला आणि ते कायमचे हर्णैला निघाले. निरोप घ्यायला माझ्या टेबलापाशी आले, ऑफिस भरलेलं असताना.

"साहेब, जुलेखाचं पत्र आलंय. पोस्टरं गेली, तुमी अर्ज लिवला, सगळं तिला लिवलं होतं. तुमाला सलाम सांगितलाय तिनं. म्हणते, आपल्या सिनेमांसाठी ज्या साहेबानं एवढी खटपट केली, त्याला माझा सलाम पोचवल्याशिवाय निघू नका."

सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी उठून उभा राहिलो, छातीवर हात ठेवला आणि तो सलाम घेतला.