सतराव्या वाचकाची तारीख

वाचनालयाची नवी वेबसाइट संगणकाच्या कोणत्या भाषेत लिहायची, यावरून नवरा-बायकोत आठ दिवस धड बोलणं नव्हतं. तो पायथनवाला, ती जावास्क्रिप्टवाली. एकच घर, एकच टेबल, आणि मधून वाहती नदी.

"पायथन वाचलं की कळतं. तुझ्या कंसांच्या रानात माणूस हरवतो," तो म्हणायचा.

"आणि पडद्यावरचं काम शेवटी माझ्याच भाषेत करतोस ना? मग पडद्यामागचंही तिच्यातच करू. दोन चुली कशाला?"

अखेर तिच्या मावशीनं तोडगा काढला. मावशी त्याच वाचनालयात ग्रंथपाल. दोघांनी आपापल्या भाषेत नमुना करायचा. पीएचपी नावाच्या तिसऱ्याच भाषेतल्या जुन्या साइटला हात लावायचा नाही. जो लावेल तो हरला, आणि जुन्या नोंदींसाठी ती साइट जन्मभर त्यानंच सांभाळायची.

त्या जुन्या साइटच्या बारा हजार ओळी कुणी लिहिल्या, हे कुणाला आठवत नव्हतं. तिच्यापेक्षा विंचवाच्या बिळात हात घातलेला बरा, यावर मात्र दोघांचं एकमत होतं. लग्नानंतरचं पहिलंच.

शनिवारी सकाळी मावशी दोन्ही नमुने घेऊन बसली. वाचकाचा क्रमांक टाकला की पुस्तक परत करायची तारीख यायची. सोळा वाचक सुरळीत गेले. सतरावा टाकला, आणि पायथनच्या साइटवर तारखेच्या जागी अक्षरं उमटली : हळू बोला. आत कुणीतरी वाचतंय.

मावशीनं उठून वाचनकक्षात डोकावलं. चाळीस खुर्च्या, चाळीसही रिकाम्या.

"जावईबापू, असली थट्टा बरी नव्हे."

"मी नाही लिहिलं ते, मावशी."

बायको हसली आणि तिनं आपल्या साइटवर सतरा टाकले. तीच ओळ आली. तिचं हसू ओठांवरच सुकलं.

खरं असं होतं, की परतीच्या तारखेचं गणित महाकिचकट. सुट्ट्या, सवलती, मुदतवाढ. म्हणून दोघांनीही, एकमेकांना न कळू देता, आपली साइट मागच्या दारानं जुन्या साइटलाच तारीख विचारील अशी सोय केली होती. आपल्याकडे ती ओळ कुठून आली, हे ज्याचं त्याला ठाऊक होतं. पण समोरचं माणूस तर, प्रत्येकाच्या समजुतीनं, नियमानं चाललेलं. मग त्याच्या पडद्यावर ती आली कुठून? दोघांच्या अंगावर काटा आला.

"तू जुन्यातलं काही घेतलंस का गं?"

"छे. तू?"

"मी कशाला घेऊ?"

"मग मुळाशीच जाते," मावशी म्हणाली. कपाटामागे जुन्या साइटचं यंत्र घुरघुरत होतं. तिनं त्याचा प्लग ओढला, आणि दोन्ही नव्या साइट एकाच क्षणी आडव्या झाल्या.

मावशीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "अस्सं. म्हणजे दोघंही हरलात. सांभाळा आता, एक दिवस तू, एक दिवस हा."

यंत्र पुन्हा सुरू झालं. ती ओळ खोडायला दोघं डोक्याला डोकं लावून बसले. दुपार कलली. बारा हजार ओळी संपल्या. ती ओळ कुठेच नव्हती.

"सोमवारी पाळी कुणाची?" त्यानं विचारलं.

"तुझी."

"मला वाटतं, तुझी."

तिनं आपली खुर्ची त्याच्या खुर्चीला भिडवली. "पाळ्या कशाला हव्यात? रोज दोघं मिळूनच बसू."