सातवी सुई

बाळ चार वाजता दवाखान्यातून घरी येणार होतं, आणि तीन वाजता आजीच्या डब्यात सातऐवजी सहाच सुया निघाल्या.

आजी होऊन तिला पाचच दिवस झाले होते, पण गोधड्या शिवत होती ती तीस वर्षं. नियम एकच: बसताना सुया मोजायच्या, उठताना मोजायच्या. आईने दिलेल्या आठ होत्या. एक मोडली, असं ती सांगायची. उरल्या सात.

"अहो, सुई गेली!"

"असेल इथेच कुठेतरी," आजोबा म्हणाले.

"इथेच म्हणजे गोधडीत! पाच दिवसांचं पोर झोपणार आहे तिच्यावर. उठा, शोधा!"

आजोबांना शिवता येत नव्हतं, म्हणून ते शिवणाच्या वस्तू विकत घेत. बाजारात शिवणाच्या नावावर जो कचरा खपतो, तो अशाच लोकांच्या जिवावर. ज्याला शिवता येतं त्याला सुई, दोरा आणि धारदार कात्री पुरते. ज्याला येत नाही त्याला लाल प्रकाश पाडणारी कात्री लागते. आजोबांनी तीही आणली होती. ती रेष सरळ दाखवायची आणि कापड वाकडं कापायची, अगदी पुढाऱ्यासारखी. मग टाचण्या ठेवायला चुंबकाची वाटी आली. तेव्हा आजीने सांगून टाकलं, "आता एक जरी नवं खेळणं या घरात आलं, तर त्याच्यासकट तुम्ही बाहेर."

तरी परवा आजोबांनी सुईत आपोआप दोरा ओवणारं यंत्र आणलं. आज शिवताशिवताच तिला जरा डुलकी लागली, तेव्हा हळूच तिची एक सुई त्यात घालून पाहिली. यंत्राने दोरा ओवला नाही. सुई मात्र गिळली. ते यंत्र आता त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतं. म्हणजे सातवी सुई कुठे आहे हे घरात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस कपाटाखाली डोकं घालून ती शोधत होता.

"तिथे कशी जाईल? पाय फुटलेत का तिला?" आजी ओरडली. "ती तुमची वाटी आणा. एरवी नाही तर निदान आज तरी उपयोगी पडू दे."

आजोबांनी वाटी आणली आणि घाईघाईत टाचण्यांच्या उघड्या डबीशेजारी टेकवली. टाचण्या टुणकन वाटीला चिकटल्या, डबी कलंडली, आणि उरलेल्या सगळ्या गोधडीवर सांडल्या.

"वा! एक सुई कमी होती म्हणून आता चाळीस टाचण्या पेरल्यात!"

दोघांनी गुडघे टेकून टाचण्या वेचल्या. अडतीस झाल्या. एकोणचाळिसावी आजोबांच्या गुडघ्यात होती, चाळिसावी सांगायची जागा नाही. ती लागल्याचं दुःख आजोबांनी गिळलं. फक्त उभ्याने शोधायला लागले.

तेवढ्यात फोन वाजला. लेक होती. "आई, निघालो गं आम्ही. वीस मिनिटांत पोचतो. गोधडी झाली ना?"

"झाली, झाली," आजी म्हणाली आणि फोन ठेवून परत गोधडी चाचपायला बसली.

आजोबा न्हाणीघरात गेले. दात कोरायच्या काडीने, साबणाच्या पाण्याने, शेवटी दाताने त्यांनी सुई काढायचा प्रयत्न केला. यंत्र हाललं नाही. बाहेर आले तर आजी कात्री हातात घेऊन बसलेली.

"काय करतेस?"

"उसवते. पुरी उसवते. तीन महिने गेले तर गेले." तिने गोधडीचा कोपरा ओढून घेतला. "माझ्या हातून त्या पोराला काही टोचलं ना, तर मी परत सुई धरणार नाही."

पहिला टाका तुटणार, तोच आजोबांनी खिशातलं यंत्र काढून तिच्या मांडीवर टाकलं.

"थांब. सुई यात आहे. मीच घातली. आता बाहेर जा म्हणालीस तर जातो, पण उसवू नकोस."

आजीने यंत्र उचललं. फटीतून सुईचं टोक दिसत होतं. तिने डोळे मिटले आणि एवढा मोठा श्वास सोडला की आजोबांना वाटलं, आता कानाखाली वाजणार. पण ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"मेल्या माणसा, तासभर कपाटाखाली काय शोधत होतास?"

"धीर," आजोबा म्हणाले.

"पक्कड आणा डब्यातून. वरच्याच कप्प्यात आहे. खाली हात घालू नका!"

असं सांगितल्यावर कोण घालणार नाही? आजोबांनी तळाशी हात घातला. जुन्या चिंध्यांमध्ये गुंडाळलेलं काहीतरी कडक लागलं. उलगडलं. तस्संच यंत्र. रंग उडालेलं, जुनं, आणि फटीत एक गंजलेली सुई.

आजोबांनी दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि बोटाने मोजलं.

"सहा. सात. आठ."

आजीने झालर सारखी केल्यासारखं करत गोधडी झटकली.

"मोजत काय बसलात? दार उघडा. बाळ आलं."