पिशव्या पेरणारे टिपणीसकाका

आमचे शेजारी टिपणीसकाका अंगणात पिशव्या पेरायचे. कढीपत्त्याशेजारी एकेक पिशवी पुरायची, वर आइसक्रीमची काडी खोचायची आणि रोज सकाळी पाणी घालायचं. नेऱ्याहून येणाऱ्या भाजीवालीने एकदा विचारलं, "काका, ह्या वाफ्यात काय लावलंय?"

"खरं-खोटं," काका म्हणाले.

त्याचं असं झालं. काकू गेल्यावर काका घरी मेतकूट करून विकायला लागले. साध्या पिशवीत भरून मेणबत्तीवर तोंड चिकटवायचे. पार नवीन पनवेलपर्यंत गिऱ्हाईक होतं. मग दादरच्या एका दुकानाने मोठी ऑर्डर देऊ केली. अट एकच, पिशवी पर्यावरणाला चालणारी हवी. झालं, काकांची झोप उडाली.

पिशव्यांचा सेल्समन सांगे, "ही रिसायकलेबल आहे."

काका चष्मा कपाळावर सरकवत. "म्हणजे नक्की कोण करणार?"

नमुना घेऊन ते थेट भंगारवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "नाय काका, चमकीची पिशवी आमी घेत नाय. तिला पुढं कोन इचारत नाय."

"होऊ शकतं आणि होतं, यात पनवेल ते दिल्ली अंतर आहे," काकांनी मला येऊन सांगितलं.

'बायोडिग्रेडेबल' पिशवी मातीत गेली. पावसाळा संपला, दिवाळी झाली. उकरली तर जशीच्या तशी, वर छापलेलं हिरवं पानसुद्धा टवटवीत. कागदी पिशवी छान कुजली, पण तिच्यात मेतकूट सादळायचं.

शेवटी काकांनी निकाल दिला. काचेची बरणी. रिकामी आणून द्यायची, भरलेली न्यायची. पहिली बरणी आमच्याकडे आली. दादरवाल्यांना मात्र हा उपद्व्याप परवडणारा नव्हता. ऑर्डर गेली.

मी चांगलीच चिडले. "काका, चालून आलेली लक्ष्मी कोणी परत पाठवतं का? घ्यायची होती एखादी पिशवी आणि मोकळं व्हायचं."

काका बरण्या पुसत होते. "अगं, पिशवी नेणारा नेतो आणि जातो. बरणी नेणाऱ्याला परत यावं लागतं."

मग पुसलेली बरणी फळीवर ठेवत म्हणाले, "आला की पाच मिनिटं टेकतो. ही गेल्यापासून आमच्या ओट्यावर कोणी बसत नाही गं."

मला फार वाईट वाटलं. तशीच घरी आले. आमच्या बरणीत अजून अर्धं मेतकूट होतं. ते वाटीत काढलं आणि बरणी धुवायला घेतली.