वटवाघूळ, प्लवक आणि मात्सूआईचा कौल

धक्क्याच्या भिंतीवर चित्र कशाचं काढायचं, यावरून याओगुआंग आणि त्याची वहिनी मेइचू यांचं बोलणं बंद पडायला आलं होतं. पडत मात्र नव्हतं, कारण भांडायला बोलावंच लागतं. भिंत एकच. बोटीतून उतरलेला पाहुणा जे चित्र बघेल, तेच शोधत धावणार. याओगुआंग होडीतून समुद्रातलं निळं चमकणारं प्लवक, म्हणजे पाण्यावर तरंगणारे इवलेसे जीव, दाखवी. वहिनीची खानावळ वटवाघळांच्या गुहेच्या तोंडाशी होती.

"माझं वटवाघूळ नाकातून आवाज काढून अंधारात किडे शोधतं. तुमच्या ठिपक्याला नाक तरी आहे?"

"नाक कशाला? अख्खा जीव एका पेशीत मावतो! आणि डिवचलं की उजेड पाडतो."

"पोहता येतं?"

"नाही... लाट नेईल तिकडे जातो."

"थेट तुमच्यावर गेलाय, भावोजी."

याओगुआंग मधेच विचारात पडला. "वहिनी, उलटं लटकून त्याला चक्कर नाही येत?"

"विचारलं नाही कधी," वहिनीही थबकली. "तुमचं ते झोपतं का हो?"

दोघांनाही ठाऊक नव्हतं. प्रकरण समुद्रदेवी मात्सूआईच्या देवळात गेलं.

कौलासाठी लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकायच्या. एक उताणी, एक पालथी म्हणजे होकार. तो सलग तीनदा हवा. दोन्ही उताण्या म्हणजे आई हसली, पुन्हा विचारा. प्लवक विचारलं, आई हसली. वटवाघूळ विचारलं, तरी हसली. संत्र्यांचा नैवेद्य वाढवला, तर आणखीच हसली.

वहिनी वैतागली. "मग काय, भावोजींचं टक्कल रंगवू?" म्हणत तिने चंद्रकोरी आपटल्या.

होकार.

"अहो, मी गमतीत म्हटलं!"

"कौल हातात धरून बोललात, म्हणजे विचारलंत," देवळाचे कारभारी आजोबा म्हणाले. "टाका अजून दोनदा."

होकार. पुन्हा होकार.

भिंत रंगल्यापासून याओगुआंगने टोपी डोक्यावरून हलवली नाही. मग पाहुण्यांची बोट आली आणि सगळे भिंतीसमोर खिळले.

"हा कुठला प्राणी?"

"इथलाच आहे," वहिनी शांतपणे म्हणाली. "दुपारी माझ्याकडे माशाच्या शेवया खायला येतो, संध्याकाळी होडीवर सापडतो."

खानावळ भरली. होडीही भरली. याओगुआंगने हळूच टोपी काढली.

"हा चमकतो का हो?" एका आजींनी विचारलं.

"असा नाही," वहिनी म्हणाली. "आधी डिवचावं लागतं."