तेरवं झालेल्या बाईचा चहा

ब्लाउजचा गळा आणि गोष्टीचा धागा, या दोन गोष्टी शिवकन्याच्या हातून कधी बिघडत नाहीत! शिवकन्या म्हणजे मीच. आणि हे मी गेल्या महिन्यापर्यंत अगदी छातीठोकपणे सांगायचे.

हिंगोलीकडच्या गोरेगावजवळ आमच्या गावात ओसरीवर माझं शिलाई मशीन आहे. टीव्हीवर ‘दोन चुली, एक अंगण’ नावाची मालिका लागायची. दुपारी गल्लीतल्या बाया माझ्याकडे जमायच्या त्या तिच्यावर बोलायलाच. एके दिवशी चॅनलवाल्यांनी ती मधेच बंद केली! सून विहिरीच्या काठावर उभी, सासू मागून हाका मारून राहिली, आणि बंद! असं कुठं असतं का? ताटात वाढून ताट उचलल्यासारखं झालं. बाया इतक्या हवालदिल झाल्या, की मीच पायानं मशीन हाणत हाणत पुढचं सांगायला लागले. माझ्या नणंदेची पोरगी पुण्याला शिकते. ती म्हणाली, "मामी, याला फॅनफिक्शन म्हणतात. लोक नेटवर लिहितात." आम्ही त्याला ‘पुढचं’ म्हणतो.

मालिकेतली सासू भागीरथी महाखाष्ट. मी तिला हळूहळू माणसात आणली. सुनेला तूप वाढायला लावलं, जावेची माफी मागायला लावली, आणि बाया तिच्यावर जीव टाकायला लागल्यावर एका दुपारी तिला मारून टाकली. अहो, काय रडारड झाली! आणि त्या रडारडीत एक चमत्कार झाला.

माझी सासू नर्मदाबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, आणि तिची धाकटी जाऊ गंगासागरकाकू, या दोघी कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. काकूंच्या शेळ्या आमच्या वाळत घातलेल्या हळदीत शिरल्या होत्या, एवढंच निमित्त. त्यावरून अंगणात भिंत आली. भिंतीत दार होतं, पण त्याला आडवी फळी ठोकलेली. नळ राहिला काकूंच्या बाजूला, आणि मी लग्न होऊन आल्यापासून डोक्यावर घागर घेऊन गावाला वळसा घालत राहिले. गोष्ट ऐकायला काकू यायच्या खऱ्या, पण आमच्या आत्याबाईंकडे पाठ करून बसायच्या. भागीरथी गेली त्या दुपारी मात्र दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या! संध्याकाळी काकूंच्या सुनेनं, शिलानं, ती फळी उपटली. सगळ्यात म्हाताऱ्या नानीबाई म्हणाल्या, "एवढं घर सांभाळलं बाईनं, तिचं तेरवं करायला नको?" झालं! दोघी जावांनी एका चुलीवर स्वयंपाक केला आणि गल्ली जेवली. मला तर त्या नळाच्या पाण्याची चवसुद्धा गोड लागायला लागली.

मग आली लग्नसराई. नवरीचे ब्लाउज, करवल्यांचे ब्लाउज, नवरीच्या आईला तर गळ्याला लटकन पाहिजे! गोष्ट सुचायला डोकं रिकामं लागतं, आणि माझ्या डोक्यात नुसत्या बाह्या. माझे मालक देविदास गोरेगाव-हिंगोली जीप चालवतात. ते म्हणाले, "एआयला सांग की! जीपमधली कॉलेजची पोरं सगळं त्याच्याकडूनच लिहून घेऊन राहिलेत."

मी मोबाइलवर सांगितलं, ‘दोन चुली, एक अंगण’चं पुढचं लिही. पात्रांची नावं दिली. सवयीनं भागीरथीचंही दिलं. सुईत दोरा ओवेपर्यंत त्यानं पानभर लिहिलं! मला रागच आला. मला एवढं सुचायला तीन वेळा चहा लागतो. पण वाचत बसायला वेळ कुणाला? दुपारी बाया जमल्या तसा मी मोबाइल शिलाच्या हातात दिला. "आज लिहूनच ठेवलंय. वाच तू."

शिला वाचायला लागली. "सोनेरी पहाटेच्या कोमल किरणांनी अंगण न्हाऊन निघाले होते..."

"काहून गं, आज लई शुद्ध?" गंगासागरकाकू म्हणाल्या. "चांगलं हाय पण. पयल्यांदा नीट लिवलंस."

पहिल्यांदा! मी दातानं दोरा तोडला.

"...तेवढ्यात भागीरथीबाई हसतमुखाने वाफाळत्या चहाचा ट्रे घेऊन आल्या."

माझं मशीन थांबलं. सगळं अंगण थांबलं. शिला बिचारी वाचतच राहिली. तिला एकदा वाचायला दिलं की ती शेवटपर्यंत वाचते. "...खरेच, कुटुंब म्हणजे प्रेमाचा अथांग सागर. हा भाग मी आणखी भावनिक करू का?"

"नको माय," नानीबाई म्हणाल्या. "भावनिक र्‍हाऊ दे. आधी ती चहा घेऊन कशी आली ते सांग."

"स्वप्न!" मी ओरडले. "सुनेला स्वप्न पडलंय!"

"सोनेरी पहाट झाली म्हने ना? मग झोपली कवा ती?"

"मग... भूत असंल."

"हसतमुखानं?"

तोवर आमच्या आत्याबाईंचा चेहरा पडला होता. "अगं बया! म्हंजे जित्या बाईचं तेरवं घातलं आपन?"

"आपन न्हाई," काकू फटकन म्हणाल्या. "तुमच्या सुनेनं घालायला लावलं. आमी आपलं भोळेपणानं जेवलो."

"भोळी म्हने! पयला हंबरडा कुनी फोडला व्हता गं, गंगे?"

"मंग रडू नको का मानसानं? शेळ्या तेवढ्या वाईट आमच्या!"

शेळ्या आल्या! शेळ्यांमागून हळद येणार, हळदीमागून फळी, आणि परत डोक्यावर घागर! मी घाईघाईनं मोबाइल हातात घेतला आणि त्याला खडसावलं, भागीरथी मेली आहे! त्यानं लगेच कबूल केलं. म्हणे, तुमचं अगदी बरोबर आहे, चुकीबद्दल मनापासून दिलगीर आहे. इतकं पटकन आमच्या घरात कुणी ऐकत नाही! मी खूश होऊन शिलाला म्हटलं, "हे वाच. नवीन दिलंय."

शिलानं वाचलं. चहाचा ट्रे ठेवता ठेवता भागीरथीबाईंच्या छातीत कळ आली आणि त्यांनी सुनेच्या मांडीवर प्राण सोडला.

"परत मेली?" नानीबाईंनी कपाळावर हात मारला. "आता दुसरं तेरवं कुनी घालायचं?"

"मी न्हाई," काकू उठल्या. "शिले, चल घरी. आन जाताना ती फळी कुठं ठिवली ते बग."

मला रडूच फुटलं. "काकू, थांबा. मी न्हाई लिहिलं ते. मशीननं लिहिलं."

सगळ्यांनी माझ्या शिलाई मशीनकडे बघितलं.

"हे न्हाई! मोबाइलमधलं. मला वेळ न्हवता म्हणून त्याला सांगितलं. ती मेल्याचं त्याला ठाऊकच न्हवतं."

"कसं असंल ठाऊक?" आत्याबाई म्हणाल्या. "तेरव्याला कुठं आलतं ते?"

"ठाऊक न्हवतं तर इचारायचं व्हतं," काकू दारातूनच म्हणाल्या. "मेलेल्या मानसाच्या हातात चहा देतं व्हय कुनी?"

मी म्हटलं, "अहो पण काकू, भागीरथी खोटीच आहे की सगळी!"

हे मी बोलायला नको होतं. काकू माझ्याकडे वळल्या. "आमाला काय कळत न्हाई व्हय गं? ती खोटी हाय. पन जेवन खरं व्हतं. जाऊबाईनं माझ्या ताटात पोळी वाढली ती खरी व्हती. ते आता काय समजायचं आमी?"

नानीबाईंनी तपकीर झटकली.

"माझ्या माहेरी झालतं असं. एकजन पुरात गेला म्हून तेरवं घातलं, आन तो सुरतेहून मिठाई घेऊन आला! तेरवं झालेलं मानूस परत आलं की त्याला पुन्ना जल्माला घालत्यात. पाळण्यात घालायचं, नाव ठिवायचं. म्हंजे आधीचं तेरवं बी खरं, आन मानूस बी जितं. भागीरथीचं बारसं करा."

"आन ती परत मेली त्याचं काय?" काकूंनी विचारलं.

"ते मशीनचं हाय. ते धरायचं न्हाई."

बारसं ठरलं! बाळ म्हणून वरवंटा. तो तर बारशाला लागतोच, आमच्याकडे यावेळी एकटाच होता एवढंच. झबलं शिवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, आणि त्या घाईत मी समोर दिसलं ते कापड कापलं. त्याबद्दल नंतर सांगते. पाळणा कुठून आणायचा म्हणून मी विचार करत होते, तेवढ्यात गंगासागरकाकूंनी माळ्यावरून एक लाकडी पाळणा उतरवला. पुसलेला, तेल लावलेला.

आत्याबाई जवळ गेल्या. "हा तर माझ्या देविदासचा पाळणा! भांडणात तुज्याकडं ऱ्हायला व्हता. मला वाटलं, चुलीत घातला असशील."

"घालनार हुते," काकू म्हणाल्या. "घातला न्हाई."

पाळण्याच्या एका बाजूला आत्याबाई, दुसऱ्या बाजूला काकू. वरवंटा खालून द्यायचा, वरून घ्यायचा. दोघी मुक्यानंच देऊ लागल्या, तशा नानीबाई कडाडल्या, "मुकं बारसं कुठं असतंय का? बोला!"

"घे, गंगे."

"द्या, जाऊबाई."

"जड हाय. सांबाळून."

"तुमच्यापरीस हलकंच हाय!"

आत्याबाई हसल्या. मग काकू हसल्या. मी मात्र पदर तोंडाला लावून चांगली रडले, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही. फळी त्या रात्रीच्या चुलीत गेली. बाळाचं नाव पुन्हा भागीरथीच ठेवलं.

दुसऱ्या दुपारी मी ऐटीत मशीनवर बसले. मोबाइल लांब कोनाड्यात ठेवून दिला होता. म्हटलं, आता माझी मीच सांगणार! "तर भागीरथीनं सुनेला हाक मारली—"

"थांब!" नानीबाई म्हणाल्या. "काल बारसं झालेलं लेकरू हाक मारतंय व्हय?"

"अहो, पण ती सासू—"

"हुईल की सासू. आदी मोठी तर हु दे."

आणि दोन्ही जावांनी एकदम माना डोलावल्या! त्या दिवसापासून मी भागीरथीला वाढवून राहिले आहे. सध्या ती पालथी पडायला लागली आहे. दात कधी येतात यावर आमच्या सासूबाई आणि काकू रोज एकत्र बसून वाद घालतात. मी जरा पुढं पळवायला बघितलं की दोघी मिळून मला धरतात. एक दुपार वाचवायला गेले, आणि एका बाईचा अख्खा जन्म अंगावर घेऊन बसले!

ब्लाउजचं म्हणाल, तर गळा माझ्या हातून अजूनही बिघडलेला नाही. वरवंट्याचं झबलं ज्या कापडाचं झालं, त्या नवरीचा गळा तर इतका सुरेख बसलाय! फक्त बाह्या नाहीत. तिच्या आईला मी सांगितलंय, सध्या हीच फॅशन आहे.